सहा तासांच्या आधीचे तास

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
मुंबई.

विषय : सायबर चूक आपणहून सांगणाऱ्या आणि वरिष्ठांचा आदेश पडताळून पाहणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना संरक्षण मिळण्याबाबत.



आपल्या बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून दोन ते सहा तासांत रिझर्व्ह बँकेला कळवावे, असे बंधन त्यात आहे. पुढे २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनेही सर्व संस्थांसाठी सहा तासांची मुदत घालून दिली. दोन्ही नियम योग्य आहेत. पण या सहा तासांचे घड्याळ सुरू होते ते घटना बँकेच्या ‘लक्षात आल्यावर’, आणि बँकेच्या लक्षात येणे म्हणजे बहुतेक वेळा कुणा कारकुनाने, अधिकाऱ्याने किंवा शाखाव्यवस्थापकाने तोंड उघडणे. ज्याने चुकीच्या दुव्यावर क्लिक केले त्याला ते दहाव्या मिनिटाला उमगले, पण सांगायचा धीर तिसऱ्या दिवशी झाला, तर मधले तास कोणत्याच परिपत्रकात मोजले जात नाहीत. हल्लेखोराला नेमके तेच तास हवे असतात. त्या तासांत कर्मचारी गप्प का राहतो आणि त्याला बोलते कसे करता येईल, यावर मानसशास्त्र, व्यवस्थापनशास्त्र आणि संगणक सुरक्षा या तिन्ही शाखांत गेली काही दशके संशोधन झाले आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आपल्या नियमावलीत यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी आपल्या परिसरातलीच, सार्वजनिक नोंदीतली एक घटना पाहू. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर संदेश आला. पाठवणारा स्वतःला कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणवत होता आणि अमुक खात्यांत ताबडतोब पैसे भरा, असे सांगत होता. कंपनीकडून एक कोटी एक लाख रुपयांहून अधिक रक्कम गेली. साहेबांनी असा संदेश पाठवलाच नव्हता, हे नंतर कळले आणि प्रकरण पोलिसांत गेले. या फसवणुकीत कुणी संगणक फोडला नाही, पासवर्ड चोरला नाही. चोराने वापरले ते कार्यालयातले वजन, आणि त्याला घाईची जोड दिली. या घटनेवरून त्या कंपनीला नावे ठेवण्याचे कारण नाही. अशी फसवणूक जगभर होते आणि नामांकित संस्थांमध्येही होते. सामान्य नागरिकाला ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून लुटणारेही हीच किल्ली वापरतात. गणवेश, करडा आवाज, ‘फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचे नाही’ ही तंबी. २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत सांगितले. यातला प्रत्येक रुपया अधिकाराच्या धाकाने गेला असे नव्हे. पण समोरचा माणूस ‘वरचा’ आहे असे वाटले की आपण पडताळणी सोडून देतो, हे चोरांनी आपल्या आधी ओळखले आहे.

हे संगणकाच्या काळातच सुरू झाले असेही नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात एक प्रयोग केला. कामावर असलेल्या परिचारिकेला फोन येई. बोलणारा स्वतःला डॉक्टर म्हणवी. तिने त्याला कधी पाहिलेले नसे. अमुक रुग्णाला अमुक औषधाचे वीस मिलिग्रॅम द्या, मी आल्यावर सही करतो, असे तो सांगे. डबीवर कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम लिहिलेली होती आणि फोनवरून आदेश घेऊ नये असा रुग्णालयाचा नियमही होता. तरीही बावीसपैकी एकवीस परिचारिका औषध द्यायला निघाल्या. त्यांना शेवटच्या क्षणी अडवण्यात आले. औषधही निरुपद्रवी होते. याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. हाच प्रसंग दुसऱ्या परिचारिकांना आणि प्रशिक्षणार्थींना कागदावर देऊन ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ‘आम्ही देणार नाही’ असे लिहिले. आपल्या बँकांमध्ये दरवर्षी होणाऱ्या ऑनलाइन जागरूकता चाचणीत ऐंशी-नव्वद गुण मिळवणाऱ्या कर्मचाऱ्याविषयी हा प्रयोग बरेच काही सांगतो. उत्तर माहीत असणे आणि फोन हातात असताना ते आठवणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर ज्ञानाच्या कमतरतेमुळे पडलेले नाही.

पण म्हणून ‘माणसाचा स्वभावच असा’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन या संशोधकांनी हाच प्रयोग दोन बदल करून पुन्हा केला. औषध परिचारिकांच्या ओळखीचे ठेवले आणि सहकाऱ्यांशी बोलायची मुभा दिली. या वेळी अठरापैकी फक्त दोघी औषध द्यायला तयार झाल्या. माणसे त्याच पेशातली, अधिकाराचा दबाव तोच. फरक पडला तो दोन गोष्टींनी : विषयाची जाण आणि शेजारच्याला ‘हे बरोबर वाटतं का?’ असे विचारण्याची सोय. माझा सगळा युक्तिवाद या दोन प्रयोगांच्या मधल्या जागेत आहे. विचारायची सोय ठेवली की माणसे विचारतात. ती सोय संस्थेने करायची असते, एकट्या कर्मचाऱ्याच्या धैर्यावर सोडायची नसते.

चूक होण्याआधीच्या क्षणाचे हे झाले. चूक झाल्यानंतरचा क्षण त्याहून महत्त्वाचा आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधविषयक चुकांचा अभ्यास केला. चांगल्या नेतृत्वाच्या, एकमेकांशी नीट वागणाऱ्या गटांत चुका कमी दिसतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांतच चुका जास्त दिसल्या. खुलासा असा की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, तर जास्त सांगितल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी एका कारखानदार कंपनीतल्या एकावन्न गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना व्यवस्थापनशास्त्रात रुजवली : बोललो तर अपमान होणार नाही, शिक्षा होणार नाही, ही गटातल्या सर्वांची समजूत. आता आपल्याकडच्या बँकेतला क्रम आठवून पाहा. चूक कबूल केली की आधी तोंडी हजेरी, मग कारणे दाखवा नोटीस, मग खातेनिहाय चौकशी, वेतनवाढ रोखणे, आडगावी बदली. पदोन्नतीच्या मुलाखतीत ती फाइल पुन्हा टेबलावर. क्लिक करून गप्प बसणाऱ्याला मात्र, हल्ला उघडकीस आलाच नाही तर, काहीच होत नाही. या हिशेबात गप्प बसणेच शहाणपणाचे ठरते. कर्मचारी निष्काळजी म्हणून गप्प बसतो असे नाही. व्यवस्थेने मांडलेले गणित त्याला बरोबर सुटलेले असते.

हे मौन फक्त काउंटरपाशी असते असे मानू नये. बांगलादेश बँक म्हणजे त्या देशाची मध्यवर्ती बँक. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या तिच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर हलवण्याचे आदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून गेले. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समधल्या खात्यांत पोहोचले. हल्लेखोरांनी आधीच्या वर्षी नोकरीच्या अर्जाच्या मिषाने ईमेल पाठवून आत शिरकाव केला होता. स्विफ्टचे व्यवहार छापणारा प्रिंटर शुक्रवारी, ५ फेब्रुवारीला, बंद पडलेला आढळला. नेहमीसारखाच बिघाड असेल, असे समजून ते तिथेच सोडले गेले. त्याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. चोरी लक्षात आल्यावरही बँकेने जवळपास महिनाभर देशाच्या अर्थमंत्र्यांना सांगितले नाही. त्यांना ती बातमी वृत्तपत्रांतून कळली आणि १५ मार्चला तिथल्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला. प्रिंटरपासून गव्हर्नरांच्या दालनापर्यंत प्रत्येक पायरीवर वाईट बातमी वर जायला अडखळत होती. धाकट्या कर्मचाऱ्याला बोलायला शिकवायचे असेल तर मोठ्यांनीही तोच धडा गिरवावा लागतो, हे ही घटना सांगते.

यावर ठरलेले उत्तर येते ते ‘प्रशिक्षण वाढवा’. त्याचाही पुरावा तपासला गेला आहे. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झ्युरिक या संस्थेच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत पंधरा महिने, चौदा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर अभ्यास केला. त्यांना बनावट फसवे ईमेल पाठवले जात. क्लिक करणाऱ्यांपैकी काहींना लगेच प्रशिक्षणाचे पान दाखवले जाई. बहुतेक कंपन्या जागरूकतेच्या नावाखाली हेच करतात. अशा प्रशिक्षणाने कर्मचारी अधिक सावध झाले नाहीत. काही बाबतींत उलटाच परिणाम दिसला. पंधरा महिन्यांत जवळपास एक तृतीयांश कर्मचाऱ्यांनी एकदा तरी धोकादायक क्लिक केले. म्हणजे ‘क्लिक करणारा’ ही काही वेगळी, बेजबाबदार जात नाही. पुरेसा वेळ दिला तर प्रत्येक विभागात कुणी ना कुणी सापडणारच. याच अभ्यासाची दुसरी बाजू मात्र आशादायक आहे. संशयास्पद ईमेल कळवण्यासाठी एक साधे बटण दिले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ते वापरले, लवकर वापरले आणि महिनोन्महिने वापरत राहिले. सगळ्यांच्या नजरा मिळून नवा हल्ला थोड्याच वेळात ओळखू लागल्या. याचा अर्थ आपण चुकीची गोष्ट मोजतो आहोत. किती जणांनी क्लिक केले, यावर बँकेची पाठ थोपटली जाते किंवा तिला फटकारले जाते. किती जणांनी, किती वेळात कळवले, हे कुणी विचारत नाही.

नियमच कामाशी फटकून असतील तर नियम मोडणारा दोषी की करणारा, हा प्रश्नही संशोधनाने पंचवीस वर्षांपूर्वी विचारला आहे. लंडनच्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे यांनी १९९९ मध्ये दाखवले की कर्मचारी पासवर्ड कागदावर लिहितात ते बेफिकिरीने नव्हे. एवढे पासवर्ड, एवढ्या वेळा बदलून, लक्षात ठेवत काम उरकणे अशक्य असते. नियमपालनाची शक्ती खर्च होणारी असते आणि बिनकामाच्या नियमांवर ती संपली की कामाच्या नियमासाठी उरत नाही. एखाद्या छोट्या सहकारी बँकेची शाखा डोळ्यांसमोर आणा. तिथे नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा, म्हणजे मेकर आणि चेकर, वेगवेगळे असायला हवेत. पण मंजुरी देणारा अधिकारी एकच. तो कर्जाच्या पाहणीला बाहेर गेलेला, काउंटरवर पेन्शनवाल्यांची रांग, वरून फोन की आरटीजीएसची वेळ टळू देऊ नका. मग साहेबांचा पासवर्ड एका चिठ्ठीवर उतरतो आणि दोन जणांचे काम एक जण करू लागतो. हे साहेबांना माहीत असते, ऑडिटरलाही अंदाज असतो. काही घडले की मात्र चिठ्ठी वापरणारा सापडतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे, आणि पुढच्या वेळी कुणीही चिठ्ठीबद्दल बोलणार नाही याची ती खात्रीही आहे.

इथे संस्कृतीचा मुद्दा येतो आणि तो जपून मांडायला हवा. डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून ‘सत्ता-अंतरा’चा निर्देशांक काढला आणि १९८० मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. वरिष्ठ-कनिष्ठांतली दरी लोक किती स्वाभाविक मानतात, याचे ते माप. त्यात भारताचे गुण ७७, अमेरिकेचे ४०, नेदरलँड्सचे ३८. तेव्हापासून ‘भारतीय माणूस साहेबाला उलटून विचारत नाही’ हे वाक्य व्यवस्थापनाच्या वर्गात बिनदिक्कत फिरते. या आकड्यांवर कडक टीकाही झाली आहे. एका कंपनीच्या नोकरदारांवरून अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव ठरत नाही, असे ब्रेंडन मॅकस्विनी यांनी २००२ मध्ये सविस्तर मांडले. आणि इतिहासातला सर्वांत मोठा विमान अपघात या समजुतीला थेट छेद देतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे गेली. टेकऑफ सुरू करणारे विमान डच कंपनीचे होते, कॅप्टनही डच, त्या कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने विचारली. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि पुढे कुणी बोलले नाही. कमी सत्ता-अंतराच्या देशातही कनिष्ठाचा आवाज दबतो तो असा. म्हणून या दुबळेपणाला ‘आपली संस्कृती’ म्हणून कपाळाला हात लावायची गरज नाही. विमान उद्योगाने त्या धड्यानंतर माणसांची राष्ट्रीयता बदलली नाही, कॉकपिटमधली रीत बदलली. कनिष्ठाने शंका बोलून दाखवणे हा त्याच्या कामाचाच भाग ठरवला, तसे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि वरिष्ठाने ती ऐकणे हा त्याच्या मूल्यमापनाचा भाग केला.

तरीही संस्कृती बिनमहत्त्वाची ठरत नाही. तिचा उपयोग वेगळा आहे. मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय संस्थांच्या अभ्यासातून असे मांडले की इथे यशस्वी ठरतो तो वरिष्ठ कामाबाबत काटेकोर असतो आणि माणसाची काळजीही घेतो. अशा वरिष्ठाच्या हाताखाली माणसे हळूहळू स्वतः जबाबदारी उचलू लागतात. याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. पाश्चात्त्य कंपन्यांत लावलेल्या निनावी तक्रारपेट्या आणि हॉटलाइन जशाच्या तशा इथे आणून भागणार नाही. इथे कनिष्ठाला बोलायची परवानगी वरिष्ठाच्या तोंडून मिळावी लागते. ‘माझ्या नावाने कुणीही, कितीही घाईचा निरोप दिला, तरी मला माझ्या नेहमीच्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत, विचारले म्हणून मी रागावणार नाही, न विचारल्यास रागावेन,’ असे बँकेच्या अध्यक्षाने आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने सर्व कर्मचाऱ्यांसमोर सांगितले आणि सहीनिशी सूचना फलकावर लावले, तर तीच उतरंड पडताळणीच्या बाजूने उभी राहते. साहेबाचा शब्द पाळायची सवय आहे ना, मग साहेबाचा शब्दच ‘विचारा’ असा असू द्या. अधिकाराला विरोध करायला शिकवण्यापेक्षा हे सोपे आहे आणि जास्त टिकेल.

म्हणून माझी मागणी दोन कलमांची आहे. पहिले, ठरावीक रकमेपुढचा, नव्या खात्यात जाणारा किंवा नेहमीच्या वाटेबाहेरून आलेला आदेश, मग तो कोणाचाही असो, दुसऱ्या मार्गाने पडताळणे बंधनकारक करावे. आणि पडताळणीमुळे झालेल्या विलंबाबद्दल कर्मचाऱ्यावर कारवाई करता येणार नाही, असे स्पष्ट लिहावे. दुसरे, अनवधानाने झालेली सायबर चूक ठरलेल्या वेळेत आपणहून सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या चुकीपुरते शिस्तभंगाच्या कारवाईपासून संरक्षण द्यावे. याचा नमुना तयार आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि विमान वाहतूक नियंत्रक आपल्या चुकांची माहिती नासा चालवत असलेल्या व्यवस्थेकडे देतात. दहा दिवसांत कळवले, चूक जाणूनबुजून केलेली नसली आणि त्यात गुन्हा वा अपघात नसला, तर नियामक दंड माफ करतो. तिथे आजवर वीस लाखांहून अधिक नोंदी जमल्या आहेत. त्या व्यवस्थेचा प्राण एका तपशिलात आहे : माहिती घेणारा नासा आणि शिक्षा देणारा नियामक हे दोघे वेगळे आहेत. रिझर्व्ह बँक ही दंड करणारी संस्था आहे. ती स्वतःच कबुलीजबाब घ्यायला बसली तर कुणी येणार नाही. पण आपणच उभारलेली हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था आपल्या हाताशी आहे. बँकांमध्ये धोक्यांच्या माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी तिचे आयबी-कार्ट हे केंद्र २०१४ पासून काम करते. तिथे आज बँका बोलतात. तिथेच कर्मचाऱ्यांनाही, नाव गुप्त ठेवून आणि मराठीसह आपापल्या भाषेत, बोलायची खिडकी उघडून द्यावी.

यावर पहिला आक्षेप येईल तो निष्काळजीपणाला आणि आतल्या चोरांना कवच मिळेल, हा. आक्षेप गंभीर आहे. बँकिंगमधले मोठे घोटाळे आतल्या हातांशिवाय क्वचितच झाले आहेत. पण मी मागतो ते संरक्षण अनवधानाला आहे, संगनमताला नाही. वेळेत सांगणाऱ्याला आहे, पकडल्यावर कबूल करणाऱ्याला नाही. आणि एकाच प्रकारची चूक वारंवार करणाऱ्याला ते अमर्याद नाही. शिवाय हे तत्त्व आपल्याला नवे नाही. ६ जुलै २०१७ च्या आपल्या परिपत्रकाने ग्राहकाला नेमके हेच दिले. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच कुणाचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाचीच असली, तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. लवकर सांगणाऱ्याचा भार कमी करायचा म्हणजे लोक लवकर सांगतात, हा विचार त्यामागे होता. ग्राहक त्यामुळे बेफिकीर होतील अशी भीती तेव्हाही होती. तरी आपण नियम केला, कारण उशिराची किंमत मोठी होती. काउंटरच्या एका बाजूच्या माणसाला लागू पडणारे तत्त्व दुसऱ्या बाजूच्या माणसाला का लागू पडू नये?

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा : माणसावर विसंबूच नका, यंत्रणा भक्कम करा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण ते देतील आणि ते रास्त आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी या बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि सोमवारी स्विफ्टवरून जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. कार्डव्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच हल्लेखोरांनी बाजूला सारली होती. तिथे काउंटरवरच्या कुणी धीटपणे प्रश्न विचारून हल्ला टळला असता, असा दावा मी करणार नाही. तांत्रिक तटबंदीला पर्याय नाही आणि त्या दिशेने आपण ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची चौकट आणली, हे योग्यच झाले. माझे म्हणणे एवढेच की तटबंदी भक्कम होत जाईल तसतसा चोर दारातून, अधिकृत माणसाच्या हातून यायला बघेल. साहेबाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल आता संगणक करतो. खऱ्या अधिकाऱ्याने खऱ्या पासवर्डने, खोट्या आदेशावरून पाठवलेला पैसा कोणतीही तांत्रिक भिंत ‘अनधिकृत’ म्हणून अडवत नाही. तिथे अडवू शकतो तो फक्त शंका घेणारा माणूस. आणि तांत्रिक यंत्रणेलाही आपल्यात काहीतरी शिरले आहे हे लवकर कळायचे, तर त्या पहिल्या क्लिकची खबर लागतेच.

तिसरा आक्षेप लहान बँकांचा असेल. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी जवळपास एक तृतीयांश एकट्या महाराष्ट्रात आहेत. त्यांतल्या कित्येकांकडे स्वतंत्र सुरक्षा विभाग सोडा, एक पूर्णवेळ संगणक अभियंताही नसतो. त्यांच्यावर आणखी एक अनुपालन लादायचे का? पण ही दोन कलमे स्वस्त आहेत. फायरवॉलला पैसे लागतात. ‘विचारल्याबद्दल मेमो मिळणार नाही’ या ठरावाला संचालक मंडळाची एक बैठक लागते. उलट लहान बँकेलाच याची गरज अधिक आहे, कारण तिथे साहेब आणि शिपाई एकाच गावचे, कधी नात्यातले असतात. अध्यक्षांचा शब्द गावातही मोडता येत नाही, मग बँकेत कोण मोडणार? तिथे ‘रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, साहेब, मला फोन करावा लागेल’ हे एक वाक्य कनिष्ठाच्या हाती देणे म्हणजे त्याला कुणाचाही अपमान न करता शंका घेण्याची वाट करून देणे. पुष्कळदा नियमाचे काम शिक्षा करणे नसते. नम्र माणसाला आडोसा देणे असते.

एक गोष्ट मान्य करायला हवी. मी वर दिलेला बहुतेक पुरावा अमेरिका, ब्रिटन, स्वित्झर्लंड इथला आहे. मानसशास्त्राचे निष्कर्ष मूठभर श्रीमंत, शिक्षित पाश्चात्त्य समाजांच्या आधारे साऱ्या मानवजातीवर लादले जातात, असे जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्येच दाखवून दिले. नित्या संबासिवन आणि इतरांनी २०१८ मध्ये दक्षिण आशियातल्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा एकाच घरात फोन वाटून वापरणे ही अडाणीपणाची खूण नसून घरगुती नात्यांची रीत आहे, हे पुढे आले. सुरक्षेचे पाश्चात्त्य सल्ले तिथे लटके पडतात. बँकेतला वाटून घेतलेला पासवर्ड हा निव्वळ नियमभंग आहे की विश्वास, उपकार आणि मनुष्यबळाची टंचाई यांची गुंतागुंत, हे आपल्याला अभ्यासल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. बँकेतल्या माणसांचा अभ्यास करणारी एनआयबीएम पुण्यात कोंढव्याला आहे, तंत्राचा अभ्यास करणारी आयडीआरबीटी हैदराबादला. दोघींनी मिळून निवडक सहकारी बँकांत ही दोन कलमे आधी काही शाखांत लागू करावीत, काहींत नाही, आणि कळवण्याचा वेळ कुठे किती घटला हे तपासावे. परिणाम दिसला नाही तर तेही जाहीर करावे. पुराव्यावर धोरण बदलल्याची उदाहरणे या क्षेत्रात आहेत. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती अनेक वर्षे शास्त्रवचनासारखी पाळली गेली आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये ती मागे घ्यायला सांगितले, कारण लोक जुन्याच पासवर्डात एक आकडा बदलून वेळ मारून नेत होते.

शेवटी तपासणीबद्दल. परिपत्रक निघाले की बँका ते फाइलला लावतात, पण तपासनीस जे विचारतो ते त्या मनावर घेतात. म्हणून आपल्या तपासनिसांच्या प्रश्नावलीत दोन प्रश्न घालावेत. गेल्या वर्षी किती कर्मचाऱ्यांनी स्वतःची सायबर चूक आपणहून सांगितली, आणि घडल्यापासून सांगेपर्यंत सरासरी किती वेळ गेला? वरिष्ठांच्या नावाने आलेले किती आदेश पडताळणीसाठी थांबवले गेले? दोन्हींची उत्तरे ‘शून्य’ आली, तर ती बँक निर्दोष समजून पुढे जाऊ नये. तिथे सगळे आलबेल आहे, की तिथे कुणी बोलत नाही, हे शोधण्यासाठी तपासणी तिथूनच सुरू करावी.

आपला विश्वासू,
सहकारी बँकेचा एक खातेदार